हॉलच्या भिंतीवर कोणता डोंगर लावायचा? चित्र घेण्याआधी या गोष्टी पाहून घ्या

मोबाईलवर ‘माउंटन वॉल आर्ट’ असं टाकून बघा. बर्फानं झाकलेली टोकदार शिखरं, खाली पाईनची झाडं, निळंशार तळं आणि तळ्याकाठी मोठ्या शिंगांचं हरीण. बोटानं कितीही खाली सरकवत गेलात तरी थोड्याफार फरकानं हेच दिसत राहतं.

पुणे-सोलापूर महामार्गावरच्या भांडगावात गच्चीवर उभं राहिलं तर दिसणारा डोंगर वेगळा आहे. यवतच्या दक्षिणेला भुलेश्वरची रांग पसरली आहे. सपाट माथा, पायऱ्या पडल्यासारखी उतरण, पावसाळ्यात हिरवी आणि उरलेलं बरंचसं वर्ष तपकिरी. ऑनलाईन दुकानात हा डोंगर सहसा सापडत नाही.

नवीन घर झालं की सोफा येतो, टीव्हीचं युनिट येतं, पडदे येतात आणि सोफ्यामागची भिंत रिकामी राहते. मग कुणीतरी वास्तुशांतीच्या आधी घाईघाईनं एक ‘सीनरी’ मागवतं. पाच मिनिटांत घेतलेलं ते चित्र पुढे आठ-दहा वर्षं घरातल्या सगळ्यांना रोज दिसतं. ते फिकट पडलं, मागून बुरशी लागली किंवा ‘राजगड’ म्हणून घेतलेला किल्ला राजगड नसल्याचं पाहुण्यानं दाखवून दिलं, तर पैसे वाया जातात ते जातातच आणि भिंतीवरची भोकंही तशीच राहतात.

डोंगराचं चित्र निवडताना नेमकं काय बघायचं, ते समजून घेऊ.

आपल्या घरांत डोंगर कधीपासून आहे?

मराठी घरातला पहिला डोंगर बहुतेक वेळा मारुतीच्या तळहातावर असतो. द्रोणागिरी घेऊन उडणारा हनुमान किंवा मागे कैलास असलेला शंकर. देवघराजवळच्या या तसबिरी अजूनही अनेक घरांत आहेत.

अशा छापील तसबिरी घरोघरी पोहोचवण्यात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचा मोठा वाटा होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला नेण्यात आला. मळवली म्हणजे लोहगड-विसापूरचा पायथा. त्याआधी देवादिकांची रंगीत चित्रं राजवाड्यांत आणि मोठ्या वाड्यांत असायची. छपाईमुळे ती साध्या घरांत आली. म्हणजे प्रिंट लावणं हे काही हल्लीचं फॅड नाही, सव्वाशे वर्षं ते चालू आहे.

वारली चित्रांतला डोंगर त्याहून वेगळा. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं ही चित्रं काढली जातात, विशेषतः लग्नकार्यात. वर्तुळ सूर्य-चंद्रावरून आणि त्रिकोण डोंगर आणि शेंड्याच्या झाडांवरून आला, असं सांगितलं जातं. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये त्यांचं निधन झालं. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आणि तिसरा डोंगर प्रत्येकाच्या वहीत असतो. दोन त्रिकोण, मध्ये अर्धा सूर्य, खाली नागमोडी नदी, बाजूला कौलारू घर आणि नारळाचं झाड. शाळेत ‘निसर्गचित्र’ म्हटलं की राज्यभर हेच काढलं जातं, अगदी नारळ न उगवणाऱ्या गावांतही. डोंगर म्हणजे त्रिकोण हे इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं की ऑनलाईन दुकानातली टोकदार शिखरं आपल्याला लगेच ‘खरा डोंगर’ वाटतात.

सह्याद्री त्रिकोणी का नाही?

सह्याद्री आणि त्याचे फाटे लाव्हाच्या थरांचे बनलेले आहेत. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि एकावर एक आडवा पसरत गेला. त्याचा झाला बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पुढे पावसानं आणि नद्यांनी तो कापला. कठीण थर कड्यासारखे उभे राहिले, मऊ थर उतरत गेले. म्हणून आपल्या डोंगरांना सपाट माथा, उभा कडा आणि खाली पायऱ्या दिसतात. हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून वर आला, तिथे थर वाकले, तुटले, उभे झाले. म्हणून तिथली शिखरं टोकदार.

चित्र निवडताना हे भूगोलाचं ज्ञान थेट उपयोगी पडतं. सह्याद्रीची रेषा आडवी आहे. भुलेश्वरसारखी लांब, बुटकी रांग उभ्या चौकटीत बसवली की वर नुसतं आभाळ आणि खाली नुसतं शेत उरतं, डोंगर मध्ये चिमटीत सापडल्यासारखा दिसतो. तीच रांग ५ बाय २ फुटांच्या आडव्या चौकटीत घेतली तर मोकळी होते. सोफ्यामागची भिंतही आडवीच असते, त्यामुळे हे जमून येतं. उभी चौकट हवी असेल तर उभा विषय घ्यावा, म्हणजे एखादा सुळका, नाणेघाटातला नानाचा अंगठा किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याची खोली. जिन्याजवळची अरुंद भिंत किंवा दोन दारांमधला पट्टा अशा चित्रांना चांगला.

हिमालय लावूच नये का? जरूर लावावा. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहिले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. निळ्या-जांभळ्या छटांतला त्यांचा हिमालय बघितला की दुकानातली बर्फाच्छादित शिखरं किती गुळगुळीत आहेत ते कळतं. जपानच्या होकुसाई यांनी १८३० च्या सुमारास फुजी पर्वताची जी चित्रमाला केली, तिचं नाव ‘फुजीची छत्तीस दृश्यं’, प्रत्यक्षात चित्रं ४६. त्यातल्या अनेक चित्रांत फुजी अगदी छोटा आहे. पुढे लाट आहे, कामकरी आहेत, पूल आहे आणि मागे कोपऱ्यात पर्वत. डोंगराचं चित्र म्हणजे चौकटभर डोंगर असायलाच हवा, असं नाही. ऊसाच्या फडामागे दिसणारी भुलेश्वरची रेघ हेही डोंगराचंच चित्र आहे, आणि दौंडच्या घरात ते जास्त खरं वाटेल.

हिरवा की तपकिरी?

बाजारात मिळणारा सह्याद्री बहुतेक हिरवागार असतो, धबधबे आणि ढग असलेला. जून ते सप्टेंबर तो तसाच असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोनकी फुलते आणि उतार पिवळे होतात. दिवाळीनंतर गवत सोनेरी पडतं, होळीपर्यंत सगळं तपकिरी आणि राखाडी होतं. दौंड तर पर्जन्यछायेचा प्रदेश, इथल्या टेकड्यांवर हिरवा रंग आणखी कमी दिवस टिकतो.

रंग ठरवताना भिंतीकडे बघावं. आपल्याकडे हॉलला क्रीम, ऑफ व्हाईट किंवा फिकट पिवळा रंग फार लावतात. त्यावर वाळलेल्या गवताचा सोनेरी-तपकिरी डोंगर शांत दिसतो, भडक हिरवा अंगावर येतो. भिंत राखाडी किंवा पांढरी असेल तर पावसाळी, धुक्यातलं चित्र शोभतं. सोफा आणि पडदे आधीच फुलाफुलांचे असतील, तर कृष्णधवल छायाचित्र घ्यावं. काळ्या पाषाणाचे थर रंगाशिवायच जास्त उठून दिसतात.

एक साधी चाचणी आहे. निवडलेल्या चित्राचा फोटो मोबाईलवर पूर्ण स्क्रीन करून, हात लांब करून भिंतीसमोर धरा. सकाळी एकदा आणि रात्री ट्यूबलाईट लावून एकदा. पांढऱ्या ट्यूबमध्ये तपकिरी रंग मातकट दिसू शकतो, पिवळसर दिव्यात तोच उबदार होतो. आवडलेलं चित्र रात्री मरगळलेलं दिसत असेल, तर चित्र बदलण्याआधी दिवा बदलून बघा.

किती मोठं आणि किती उंचावर?

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. भिंत १२ फुटांची आणि चित्र दीड फुटाचं, तेही छताजवळ. आपल्याकडे थोरांच्या तसबिरी उंच, थोड्या पुढे झुकवून लावायची पद्धत होती, कारण त्यांच्याकडे मान वर करून बघायचं असतं. डोंगराच्या चित्राला ती उंची नको.

हिशोब सोपा आहे. चित्राची रुंदी सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश असावी. सोफा ७ फुटांचा, म्हणजे ८४ इंच, तर चित्र ५६ इंचांच्या आसपास. एवढं मोठं एक चित्र परवडत नसेल तर तीन तुकड्यांत विभागलेली रांग घेता येते, पण तुकड्यांमधली फट दोन-तीन इंचांपेक्षा जास्त नको, नाहीतर डोंगराची रेषा तुटते. चित्राची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून ६ ते १० इंच वर. समोर काही फर्निचर नसेल तर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवावा. उभ्या माणसाची नजर साधारण तिथे जाते, चित्रप्रदर्शनांतही हाच अंदाज धरतात. घरात मंडळी बहुतेक खालीच, सतरंजीवर बसत असतील तर आणखी थोडं खाली आणायला हरकत नाही.

ऑर्डर देण्याआधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून चित्राच्या मापाचा कागद बनवा आणि टेपनं भिंतीवर लावा. दोन दिवस तसाच ठेवा. दार उघडताना चित्राला लागतं का, पंख्याची सावली त्यावर पडते का, आजी बसते तिथून ते दिसतं का, सगळं कळतं. खर्च शून्य.

स्वतःचा फोटो छापायचा असेल तर

भुलेश्वरचा डोंगर दुकानात मिळत नाही, मग आपणच काढलेला फोटो छापावा, हा सरळ मार्ग आहे. इथे अडतं ते पिक्सेलवर.

भिंतीवरच्या प्रिंटसाठी दर इंचाला साधारण १५० पिक्सेल धरतात. ३६ बाय २४ इंचांच्या प्रिंटला ५४०० गुणिले ३६००, म्हणजे जवळपास १.९ कोटी पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाईलचा मूळ फोटो ४००० बाय ३००० चा असतो, तो या हिशोबानं सुमारे २६ बाय २० इंचांपर्यंत चांगला छापतो. तोच फोटो नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सअ‍ॅपवरून आला असेल तर त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. म्हणजे जेमतेम साडेदहा इंच. ग्रुपवर आलेला सुंदर फोटो तीन फुटांवर छापला की गवताचा लगदा दिसतो, त्याचं कारण हे. फोटो ई-मेलनं, ड्राईव्हवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, तो मूळ आकारात येतो.

लांब रांगेसाठी मोबाईलचा पॅनोरमा मोड कामाचा आहे. त्यात रुंदीचे पिक्सेल भरपूर मिळतात. हवा स्वच्छ असते ती पाऊस नुकताच उघडल्यावर, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात. उन्हाळ्यात धुरळ्यामुळे डोंगर फिकट निळा पडतो. डोंगर तुमच्या पश्चिमेला असेल तर सकाळच्या उन्हात त्याचे थर आणि घळी उठून दिसतात, संध्याकाळी फक्त काळी बाह्यरेषा मिळते. दोन्ही छान दिसतात, पण चित्रं मात्र पूर्ण वेगळी होतात.

भुलेश्वरचा विषय निवडला तर त्यामागची गोष्टही घरात येते. तिथलं मंदिर यादवकाळातलं मानतात आणि ते ज्या डोंगरावर आहे तिथे सतराव्या शतकात आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानं दौलतमंगळ किल्ला बांधला. मंदिर सगळ्यांना माहीत आहे, किल्ल्याची भिंत पाहिलेले कमी. पाहुण्यांना सांगायला एवढं पुरे.

दुसऱ्याचा फोटो वापरताना मात्र परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार फोटोवर सामान्यतः तो काढणाऱ्याचा हक्क असतो आणि भारतात तो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चित्रकाराच्या चित्रावरही त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘गुगलवरून घेतला’ हे उत्तर इथे चालत नाही. गडकोटांचे फोटो काढणारे कित्येक तरुण पाठीवर कॅमेरा घेऊन पहाटे गड चढतात, त्यांच्या फोटोवरचं नाव कापून तो चारचौघांच्या भिंतीवर जातो आणि त्यांना एक रुपया मिळत नाही. इन्स्टाग्रामवर एक मेसेज करून विचारलं तर अनेकजण मूळ फाईल विकत देतात. प्रिंट चांगली येते आणि पैसे योग्य माणसाला मिळतात.

फुकट आणि कायदेशीर पर्यायही आहे. जुनी, हक्कमुक्त चित्रं काही संग्रहालयांनी मोठ्या आकारात सगळ्यांसाठी खुली केली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ पासून हे सुरू केलं, होकुसाई यांचा फुजीही तिथून उतरवून घेता येतो.

हा किल्ला खरंच तोच आहे का?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि एक तामिळनाडूतला जिंजी. पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड त्यात आहेत. किल्ल्यांची चित्रं घरात लावण्याची हौस आधीपासून होती, आता तर निमित्तही मिळालं.

पण एआयनं बनवलेल्या चित्रांमुळे एक नवी पंचाईत झाली आहे. ‘राजगड’ लिहिलं की काही सेकंदांत धुक्यातला भव्य किल्ला तयार होतो. त्याला युरोपातल्या गढीसारखे उंच मनोरे असतात, डोंगर टोकदार असतो, आणि राजगडाशी त्याचा काही संबंध नसतो. चित्र म्हणून आवडलं तर घ्यावं, पण राजगड म्हणून पैसे मोजायचे असतील तर खुणा तपासाव्यात.

राजगडाला मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. वरून काढलेल्या फोटोत हा आकार लगेच ओळखू येतो. लोहगडाची विंचूकाटा माची विंचवाच्या नांगीसारखी लांब निघालेली असते. तोरण्याच्या झुंजार आणि बुधला माच्या ओळखीच्या. कोकणकडा आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, तो सरळ भिंतीसारखा दाखवला असेल तर काहीतरी गडबड आहे. शंका आली तर चित्राचा स्क्रीनशॉट ट्रेकला जाणाऱ्या मित्राला पाठवा. दहा मिनिटांत उत्तर येईल, बहुधा गडाच्या इतिहासासकट.

कॅनव्हास, काच की आणखी काही?

इथे भांडगावची हवा विचारात घ्यावी लागते. महामार्ग जवळ, शेतात नांगरट, उन्हाळ्यात वारा, म्हणजे धूळ. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर, त्यांच्या धुराची काजळीही हवेत असते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतींना ओल येते.

काचेखालचा कागदी प्रिंट धुळीला सगळ्यात चांगला. ओल्या फडक्यानं काच पुसली की झालं, फक्त पाणी काचेवर न मारता फडक्यावर घ्यायचं, नाहीतर ते कडेनं आत जातं. चित्र आणि काच यांच्यात माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची पट्टी, हवीच. काचेला चिकटलेला कागद दमट हवेत तिथेच चिकटून बसतो. काचेचा तोटा म्हणजे चमक. समोर खिडकी असेल तर डोंगराऐवजी खिडकीच दिसते. अशा जागी मॅट काच घ्यावी.

कॅनव्हास प्रिंट हलका असतो, चमकत नाही, लांबून पेंटिंगसारखा दिसतो. पण उघड्या कापडाच्या विणीत धूळ आणि काजळी बसते. रस्त्याकडेच्या घरात तो लावायचा असेल तर वरून संरक्षक लेप दिलेला आहे का ते विचारा आणि दर आठवड्याला कोरड्या मऊ ब्रशनं झटका. स्वयंपाकघर आणि हॉल एकच असेल तर फोडणीचा तेलकट थर त्यावर जमतो, तिथे कॅनव्हास नकोच.

एमडीएफवर कापलेले, थर-थर असलेले लाकडी डोंगर हल्ली फार दिसतात. ते छान दिसतात, पण एमडीएफला ओल सोसत नाही, फुगतं. आतल्या कोरड्या भिंतीवरच लावावेत. आणि फ्लेक्स? वाढदिवसाच्या बोर्डाला ठीक. घरात त्याचा वास काही दिवस जात नाही आणि चमक कधीच जात नाही. दुकानदार ‘स्वस्तात करून देतो’ म्हणाला तरी भिंतीवर फ्लेक्स नको.

छपाई कुठल्या शाईत आहे हेही विचारा. पिगमेंट शाई उन्हात जास्त काळ टिकते, साधी डाय शाई लवकर उडते. कुठलीही शाई असली तरी दुपारचं थेट ऊन पडणारी भिंत टाळा. जलरंगातलं अस्सल चित्र असेल तर दुप्पट काळजी घ्या, त्यातले काही रंग उन्हात फार लवकर फिके होतात.

ओल तपासायला पावसाळ्याची वाट बघायची गरज नाही. भिंतीला पापुद्रे सुटले आहेत का, रंगाखाली पांढरी भुकटी आली आहे का ते बघा. असेल तर आधी भिंतीचं काम, मग चित्र. चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराच्या किंवा कॉर्कच्या छोट्या चकत्या चिकटवल्या की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. दहा-वीस रुपयांचं काम, पण बुरशी दूर ठेवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

वास्तूचं काय?

हा प्रश्न घरात निघणारच. डोंगर जड, स्थिर, म्हणून तो नैर्ऋत्येला किंवा बसण्याच्या जागेच्या पाठीशी लावावा, आणि पाणी दिसणारं चित्र ईशान्येला, अशी प्रचलित समजूत आहे. चित्राच्या दिशेचा घराच्या भरभराटीशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. पण सासूबाईंचा आग्रह असेल आणि ती भिंत कोरडी, सावलीतली असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. अडचण एवढीच की नैर्ऋत्येची बाहेरची भिंत दुपारनंतर तापते, आणि त्याच कोपऱ्यात खिडकी असेल तर चित्रावर ऊनही येतं. तेव्हा दिशा पाळा, पण पडदाही लावा. पलंगाच्या डोक्याशी मात्र काचेची जड चौकट नको. यात वास्तू नाही, खिळा निसटला तर काय होईल एवढाच विचार आहे.

चित्रकाराकडून घ्यायचं असेल तर

मूळ चित्र फक्त श्रीमंतांसाठी, हा समज सोडायला हवा. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात वर्षभर प्रदर्शनं होत असतात, त्यात निसर्गचित्रं हमखास असतात. कला महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत विद्यार्थ्यांची कामं बघायला मिळतात. सह्याद्री आणि पुण्याच्या आसपासची निसर्गचित्रं हा इथल्या जलरंग चित्रकारांचा आवडता विषय आहे. कोल्हापूरचे आबालाल रहमान यांच्यासारख्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या गावाभोवतीचा परिसर रंगवला, ती परंपरा अजून चालू आहे.

छोटं मूळ चित्र मोठ्या माउंटमध्ये बसवलं तर भिंतीवर पुरेसं मोठं दिसतं. १२ बाय ९ इंचांच्या जलरंगाला चारही बाजूंनी पाच इंच माउंट दिला की चौकट २२ बाय १९ इंचांची होते. घेताना सही, वर्ष आणि मागे ठिकाणाचं नाव लिहून मागा. वारली चित्र घेताना ते हातानं काढलेलं आहे का, कुणी काढलं, कुठल्या पाड्यावरचं, हे विचारा. छापील वारली नक्षीही मिळते, ती सजावट म्हणून चालेल, पण दोन्हींची किंमत सारखी नसावी.

आणखी एक पर्याय भांडगावसारख्या गावात सहज शक्य आहे. शाळांच्या भिंती आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर जवळपास असतातच. कंपाऊंडच्या किंवा जिन्याच्या भिंतीवर ते अ‍ॅक्रिलिक रंगात डोंगर रंगवून देऊ शकतात. फक्त ‘सीनरी काढा’ एवढंच सांगितलं तर दोन त्रिकोण, सूर्य आणि नारळ येणार हे नक्की. गच्चीवरून काढलेला भुलेश्वरच्या रांगेचा फोटो हातात द्या आणि माथा सपाटच ठेवायला सांगा.

टांगताना

२ मिलिमीटर जाडीची ३ बाय २ फुटांची काच एकटीच पावणेतीन किलोच्या आसपास भरते. चौकट, पाठीचा प्लाय आणि माउंट धरून वजन बरंच वाढतं. एवढं वजन एका खिळ्यावर नको. विटांच्या भिंतीत ड्रिलनं भोक पाडून प्लॅस्टिकची गिट्टी आणि स्क्रू, असे दोन आधार समान उंचीवर द्यावेत. मग चित्र तिरकंही होत नाही. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर साधी गिट्टी सैल पडू शकते, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग हार्डवेअरच्या दुकानात मागावेत. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल करू नका, वायरिंगचा पाईप बहुधा तिथूनच गेलेला असतो.

नवीन प्लास्टर आणि रंग झाल्यावर भिंत पूर्ण सुकायला वेळ लागतो. वास्तुशांती उद्यावर आली असली तरी चित्र तोवर कपाटात, कापडात गुंडाळून उभं ठेवा. आडवं ठेवलं तर त्यावर कुणीतरी काहीतरी ठेवतंच.